हेल्मेटसकट वजन

ब्रेक लावला की अभयच्या डोमिनारचं नाक खाली जायचं. रोज एकट्याने ऑफिसला जाताना त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. दिवाळीत मात्र मागे बायको, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा आणि टाकीवर तिसरी, अशी वरात घेऊन तो कोल्हापूरहून परत येत होता. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे एस आकाराचं वळण लागतं, तिथे पुढच्या ट्रकने एकदम वेग कमी केला. अभयने ब्रेक दाबला. पुढचा शॉकप खटकन तळाला लागला, हँडलला हिसका बसला आणि गाडी ट्रकच्या वीतभर अलीकडे थांबली. बायको एवढंच म्हणाली, "हळू चालवलं तर काय बिघडतं?"

अभयने यातून काढलेला धडा वेगळाच होता. पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या.

धडा तसा अगदीच चुकीचा नव्हता. त्याची गाडी २०१७ ची, पहिल्या पिढीतली. डोमिनार डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला पुढे ४३ मिलिमीटरचे साधे टेलिस्कोपिक फोर्क होते. उलटे फोर्क आले ते २०१९ च्या गाडीला. इंजिन ३७३ सीसी, वजन १८२ किलो, घडण लांब पल्ल्याला पळण्याची. अशी गाडी पंचावन्न किलोचा कॉलेजकुमारही घेतो आणि सहकुटुंब गोव्याला निघालेला गृहस्थही घेतो. दोघांना मिळून स्प्रिंग मात्र एकच. कंपनीला मधलं काहीतरी निवडावंच लागतं, त्यात तिचा दोष नाही. ज्याला मधलं चालत नाही त्याने आपलं बघावं.

अभयने समीरला फोन केला. समीर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाऊन गाडी पळवणारा, अंगाने शिडशिडीत, बोलण्यात ठाम. तो म्हणाला, "मी एक पॉइंट शून्य पाच टाकल्यात. दगड! ब्रेक कितीही मार, नाक हलत नाही."

हा आकडा कसला ते सांगायला हवं. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती किलो भार लागतो, तो हा आकडा. फोर्कच्या दोन नळ्यांत दोन स्प्रिंगा, म्हणून त्यांची बेरीज करायची. १.०५ च्या जोडीवर २१ किलो भार वाढला की गाडी पुढून एक सेंटिमीटर बसते. ०.९ च्या जोडीला त्यासाठी १८ किलो पुरतात. कागदावर फरक एवढाच दिसतो, पण तो मनगटाला बरोबर कळतो.

नाना पेठेतल्या दुकानात काउंटरवरच्या पोराने तक्ता पुढे केला आणि दोन प्रश्न विचारले. "वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"चालवता कशी?"

अभयने क्षणभर विचार केला. "फास्ट."

अठ्ठ्याहत्तर किलो आणि टूरिंग असा रकाना पाहिला तर आकडा ०.८५ निघत होता. तो अभयला अपमानास्पद वाटला. शेजारच्या रेसच्या रकान्याखाली १.०५ होतं. त्याने त्यावर बोट ठेवलं. पोराने २० नंबरचं जाड ऑइलही गळ्यात मारलं, कारण कडक स्प्रिंगला घट्ट ऑइल लागतं म्हणे. वर बसवणाऱ्याने नव्या लांब स्प्रिंगांवर जुनाच लांब पाइपचा तुकडा ठेवून टोपण आवळलं.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीभोवती मंडळी जमली. प्रत्येकाने पुढचा ब्रेक धरून हँडल दाबून पाहिलं आणि मान डोलावली. आपल्याकडे शॉकपची परीक्षा अशीच होते, उभ्या गाडीवर आणि चहाच्या आधी.

ताम्हिणीत ती परीक्षा फसली. मुळशीपर्यंत रस्ता चांगला होता तोवर गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ गेली. पुढे पावसाने उखडलेले तुकडे लागले आणि चाक रस्त्यावर टेकायलाच तयार होईना. प्रत्येक खड्डा थेट हातात येत होता. अर्ध्या घाटात अभयची बोटं बधिर झाली. एका डाव्या वळणावर ओळीने तीन-चार उंचवटे होते. पहिल्यावर चाक उडालं, दुसऱ्यावर बाहेरच्या बाजूला सरकलं आणि गाडी पांढरी पट्टी ओलांडून पलीकडे गेली. समोरून एसटी येत होती. चालकाने बस कड्याला चिकटवली, हॉर्न दिला आणि खिडकीतून अभयच्या घराण्याविषयी दोन शब्द बोलला. ते शब्द योग्यच होते.

घाट उतरून तो धाब्यावर थांबला, तेव्हा कुणीतरी भवानी पेठेतल्या मामांचं नाव सांगितलं.

मामा मिस्त्री सत्तरीला टेकलेले. त्यांनी गाडी दाबून पाहिली नाही. फोर्कच्या नळीवर एक केबल टाय आवळला, तो खाली सीलला टेकवला आणि म्हणाले, "एक चक्कर मारून या, साहेब. मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा कचकचीत ब्रेक मारा."

अभय परत आला. टाय वर सरकला होता, पण सत्तरच मिलिमीटर. नळी हलू शकत होती एकशेवीस.

"पन्नास मिलिमीटर फुकट चाललेत," मामा म्हणाले. "पैसे पूर्ण शॉकपचे दिलेत, वापरताय अर्धा."

मग त्यांनी पोराला हाक मारली. गाडीचं पुढचं चाक उचलून नळी पूर्ण उघडी असताना माप घेतलं. अभयला जॅकेट-हेल्मेट घालून बसवलं. हँडल दाबून हळूच सोडलं आणि माप घेतलं. पुन्हा वर उचलून हळूच सोडलं आणि आणखी एक माप घेतलं. सीलच्या घर्षणामुळे ही दोन मापं कधी जुळत नाहीत, म्हणून त्यांची सरासरी धरायची. गाडी बसली होती फक्त पंधरा मिलिमीटर. रस्त्यावरच्या गाडीसाठी एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा बसायला हवा, म्हणजे इथे पस्तीस ते चाळीस.

"बसायला कशाला हवी?" अभयने विचारलं. "न बसणं चांगलं ना?"

"उंचवटा आला की चाक वर जातं. खड्डा आला की कुठे जातं?"

"खाली."

"खाली जायला जागा ठेवलीय का तुम्ही? पंधरा मिलिमीटर. चाक खड्ड्यावरून लटकत जातंय. लटकणाऱ्या चाकाला ना ब्रेक असतो, ना वळण."

अभयला हिशोब पटला आणि लगेच पैसे वाचवायची युक्तीही सुचली. "मग वरचा पाइप कापा की. गाडी बसेल."

मामांनी वाद घातला नाही. चेसिसखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं, टोपणावर तळहात दाबून धरत शेवटचे आटे सोडले. स्प्रिंगचा दाब असतो, नुसतं उघडलं तर टोपण उडून हनुवटीवर बसतं. दोन्ही तुकडे वीस मिलिमीटरने छाटले. माप आलं पस्तीस. अभय खूश होऊन निघाला आणि पहिल्याच चौकातल्या गतिरोधकांवरून परत आला. गाडी बसत होती, पण धक्का तसाच.

"ठेंगण्या माणसाला पाटावर उभं केलं तर तो उंच दिसतो, त्याच्या दंडात जोर येत नाही," मामा म्हणाले. "पाइपचं काम तेवढंच. लांब केला की गाडी वर, आखूड केला की खाली. कडकपणा स्प्रिंगच्या तारेत असतो, तो कापून कमी होत नाही. आता सांगा, वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

मामा उठले आणि त्याला समोरच्या भुसारवाल्याकडे घेऊन गेले. ज्वारीचं पोतं उतरवून अभयला काट्यावर उभं केलं, जॅकेट, बूट, हेल्मेट, टाकीवरची बॅग सगळ्यासकट. काटा नव्व्याण्णववर गेला. भुसारवाल्याने आणखी एकदा पाहिलं, सवयीने.

"बॅग आहे ना," अभय म्हणाला.

"बॅग गाडीवर चढत नाही का?"

मग दुसरा प्रश्न. "मागच्या महिन्यात शंभराच्या वर किती वेळ होतात?" अभयने आठवून पाहिलं. बहुतेक वेळ तो सिंहगड रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये होता.

"वजन कमी करून सांगितलंत आणि वेग वाढवून," मामा म्हणाले. "दुकानदाराने तुम्ही सांगितलेल्या माणसासाठी स्प्रिंग दिली. तो माणूस ही गाडी चालवतच नाही."

समीर खोटं बोलला नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. गुळगुळीत ट्रॅकवर, शेवटच्या क्षणी सगळी बोटं आवळून ब्रेक मारणाऱ्याला १.०५ लागत असेल. त्याला त्या रस्त्यावर खड्डा भेटत नाही आणि एसटीही नाही.

अभयचा मूळ भ्रम मामांनी जाता जाता दूर केला. ब्रेक लावला की भार पुढे येणारच. तो किती येणार हे गाडीचा वजनाचा मध्य किती उंच, दोन चाकांत अंतर किती आणि ब्रेक किती जोरात, यावर ठरतं. स्प्रिंग तो भार कमी करत नाही, त्या भाराने नाक किती वाकायचं एवढंच ठरवते. आणि बायको वर्षातून दोनदा मागे बसते, तिचं वजन बहुतेक मागच्या शॉकपवर जातं. तेव्हा त्या दिवशी मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवायचा, पुढे हात लावायचा नाही.

०.९ ची जोडी आली. २० नंबरचं ऑइल काढून १० नंबरचं घातलं. त्याची पातळी मामांनी स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, पट्टीने मोजली. वर राहिलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्वतःच स्प्रिंगसारखं काम करते, त्यामुळे दोन्ही नळ्यांत ती सारखी हवी. पाइप नव्याने कापला. अभय बसल्यावर माप आलं अडतीस. पुढच्या ताम्हिणी फेरीनंतर केबल टाय एकशेपाचवर होता. नाक थोडं वाकत होतं आणि चाक रस्त्यावर होतं.

दुकानदाराने वापरलेला माल परत घ्यायला नकार दिला, म्हणून १.०५ ची जोडी अभयने विकायला काढली आहे. फोन येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न "कडक आहेत ना?" असाच असतो. अभय विचारतो, "तुमचं वजन किती, हेल्मेटसकट?" त्यावर आजवर प्रत्येकाने सत्तरच्या आसपासचं काहीतरी सांगितलं आहे आणि त्याने प्रत्येकाला नाही म्हटलं आहे. जोडी अजून शिल्लक आहे. हवी असेल तर अवश्य घेऊन जा, फक्त येताना वाटेतल्या एखाद्या भुसारवाल्याकडे थांबून या.