चौथं नाव

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत संगीताच्या एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाईच म्हणत. संध्याकाळी आठजणी त्यांच्या माडीवर जमायच्या आणि समूहगान बसवायच्या. चौकातले हॉर्न थेट वर येत, म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम पुसत तालीम चालायची.

आठजणींत सगळ्यांत नवी होती ती गणवेशाच्या कारखान्यात शिलाई करणारी पोरगी. घर पूर्व भागात, घरची भाषा तेलुगू. गळा असा, की पहिल्या दिवशी बाई पेटीवरचा हात उचलून नुसत्या ऐकत राहिल्या.

स्पर्धा जानेवारीत होती, हुतात्मा दिनाच्या सुमारास. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. बाईंनी त्यांच्यावर स्वतःच गीत रचलं होतं. शेवटच्या कडव्यात चारही नावं एका सलग ओळीत येत. चाल खालून चढत जाई आणि चौथ्या नावाला, कुर्बान हुसेन यांच्या नावाला, तार षड्जावर पोचे.

पहिले कित्येक दिवस नुसत्या शब्दांवर गेले. पोरीच्या तोंडून ‘धनशेट्टी’चं ‘दनशेट्टी’ व्हायचं. बाईंनी तिला तळहात ओठांसमोर धरायला लावला. ‘द’ म्हणताना हाताला काही लागत नाही, ‘ध’ म्हणताना वाफ लागते. “वाफ लागेपर्यंत म्हण,” बाई म्हणाल्या. पोरगी कारखान्यात मशीन चालवतानाही ‘ध’ घोकायची.

नंतर श्वासाची पाळी आली. “ही ओळ एका दमात कुणालाच झेपणार नाही,” बाईंनी सांगितलं. “म्हणून श्वास वाटून घ्यायचा. चौघींनी सारडांच्या आधी, चौघींनी शिंद्यांच्या आधी. शेजारीण गात असताना आपण गुपचूप घ्यायचा. ओळ तुटता कामा नये.”

“मला लागतच नाही बाई, मी एका दमात म्हणते,” पोरगी म्हणाली आणि तिनं म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई तेवढ्या गप्प राहिल्या.

स्पर्धेचा दिवस काय असतो, हे नवख्यांना कुणी आधी सांगत नाही. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात यांचा क्रमांक बराच मागे आला. साडी नेसून, गजरा माळून तासन्‌तास बसायचं. घसा कोरडा पडतो म्हणून चहा प्यायचा, त्यानं तो आणखी कोरडा पडतो. शेजारच्या खोलीत दुसरा संघ निराळ्या पट्टीत गुणगुणत असतो आणि आपला सूर डोक्यातून सटकतो. मंचावर आठजणींना चार माइक. डोळ्यांवर दिवे. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे आवाज ध्वनिक्षेपकातून पुढं, श्रोत्यांकडे जातो, गाणारीकडे परत येत नाही. माडीवर खिडक्या बंद असताना जो घुमारा मिळायचा, तो इथं नाही. आपण गातोय की नाही, हेच कळेनासं होतं. मग प्रत्येकजण जोर लावते, आणि जोर लावला की लय पळायला लागते.

इथंही तेच झालं. लय पळाली, भीतीनं दम आखडला. वाटून घेतलेले श्वास कुणाला आठवले नाहीत. शिंद्यांचं नाव संपताच सातजणींनी एकदमच श्वास घेतला. पोरीला श्वास लागत नव्हता. चौथं नाव तिनं एकटीनं, खणखणीत म्हटलं. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या.

निकालात संघाचं नाव नव्हतं. गुणपत्रकात स्वर, ताल आणि शब्दोच्चार यांचे गुण चांगले होते. ‘सांघिक परिणाम’ या रकान्यात घसरण होती. पोरगी धीर करून परीक्षकांपाशी गेली. “सर, माझं काय चुकलं?”

“तुझा सूर पक्का होता बाळ,” ते म्हणाले. “पण चौथ्या नावाला मला आठजणी हव्या होत्या. एकच मिळाली.”

परत येताना ती चिडली होती. “बाकीच्या थांबल्या, त्यात माझा काय दोष?” तिचा प्रश्न रास्तच होता. तिनं सूर सोडला नव्हता, शब्द चुकवला नव्हता. बाईंनी रस्त्यात उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तालमीला त्यांनी तिला सातजणींकडे पाठ करून उभं केलं. “आज गायचं नाही. कोण कुठं श्वास घेतं, तेवढं सांग.”

असं बरेच दिवस चाललं. खानावळ चालवणाऱ्या अक्कांचा दम चुलीच्या धुरानं आखूड झालेला, त्या ‘शिंदे’ पुरतं म्हणतच नाहीत. बँकेतल्या वहिनी सारडांच्या अलीकडेच सुटतात. या बायकांच्या शेजारी उभं राहून ती इतके महिने गायली होती, आणि यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं.

मग तिनं आपला श्वास मुद्दाम आधीच, लागत नसताना घ्यायला सुरुवात केली. अक्का थांबायच्या तेव्हा हिचा दम भरलेला असायचा. अक्कांची जागा भरेल एवढाच आवाज ती सोडायची. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितलंय, की आरंभी ते पुढं गाणाऱ्याचं धृपद मागं उभं राहून धरत. पंढरीच्या जिल्ह्यात हे कुणाला नव्यानं सांगायला नको, पण हातात माइक आला की आपण ते विसरतो. बाईंनी या पोरीला मागं उभं राहायला शिकवलं. मला ही शिकवण गळ्यावरच्या कुठल्याही मेहनतीपेक्षा मोठी वाटते.

पुढच्या वर्षी संघाला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांच्या शेऱ्यात चौथ्या नावाचा खास उल्लेख होता. पोरीच्या आवाजाबद्दल एक शब्दही नव्हता, आणि तो कागद तिनं मागून घेतला.

भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासून चालू आहे. दरवर्षी कितीतरी शाळांतली मुलं तिथं पहिल्यांदा मंचावर उभी राहतात. त्यांच्या शिक्षकांना विनंती आहे: स्पर्धेआधी निदान एक तालीम मोकळ्या मैदानावर घ्या, जिथं स्वतःचा आवाज परत येत नाही. आणि ज्या मुलाचा गळा सगळ्यांत चांगला आहे, त्याला वर्गातल्या प्रत्येकाचा दम कुठं संपतो, ते पाठ करायला लावा.