जागल्याची हाक

दिवाळीत आमच्या आळीतल्या मोत्याचे फार हाल होतात. एरवी हा कुत्रा मोठा इमानी. रात्री अनोळखी पाऊल वाजले की तो भुंकतो, आणि ‘मोत्या आहे ना’ म्हणून आळी निर्धास्त झोपते. पण दिवाळीच्या चार रात्री त्याला प्रत्येक आवाज चोराचा वाटतो. लवंगी तडतडली की तो भुंकतो, सुतळी बाँब फुटला की भुंकतो, शेजारच्या गच्चीवरून बाण सुटला की आकाशाकडे तोंड करून भुंकतो. गेल्या वर्षी पाडव्याच्या रात्री तो असाच तासभर केकाटत होता. मी वैतागून उठलो आणि खिडकी लावून घेतली. सकाळी कळले, समोरच्या बिऱ्हाडाची सायकल जिन्याखालून गेली! मोत्याने आपले काम चोख केले होते. कानांत बोळे घालून झोपलो होतो ते आम्ही.

ती सकाळ भाऊबीजेची. बहिणीकडे ओवाळून घ्यायला गावात आलेला माझा एक जुना विद्यार्थी त्या दिवशी भेटायला आला. सौभाग्यवतींनी फराळाची बशी पुढे ठेवली.

‘काय करतोस रे हल्ली?’ मी विचारले.

चकलीचा तुकडा मोडीत तो हसला. ‘सर, रात्रपाळीचा जागल्या आहे. पुण्याला एका कंपनीत पडद्यासमोर बसतो. संगणकांच्या जाळ्यात कोणी परका शिरला का, हे पाहत राहायचे.’

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकला थांबले. मुलांना चित्रकला शिकवावी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढीच माझी मजल. संगणकातले मला ओ की ठो कळत नाही. पण चोर मला कळतो, जागल्या कळतो, आणि संशय तर फारच चांगला कळतो. म्हणून मी त्याला दुपारपर्यंत सोडले नाही. त्याने सांगितले ते आणि मागाहून मी स्वतः वाचून काढले ते, असे दोन्ही मिळून इथे मांडतो आहे. वाचकहो, विषय यंत्राचा वाटला तरी तो तुमच्याआमच्या घरातलाच आहे.

या विद्येचा आरंभ १९८० सालचा. जेम्स अँडरसन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने एका अहवालात असा विचार मांडला, की संगणक आपल्या कामाच्या नोंदी ठेवतोच, तर त्या नोंदी वाचून चोर का ओळखू नये? त्याने चोरांच्या जाती सांगितल्या, त्या एखाद्या कादंबरीकाराने सांगाव्यात तशा आहेत. एक बाहेरून येणारा. दुसरा दुसऱ्याचे नाव पांघरून वावरणारा. तिसरा स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच किल्लीने आत येऊन भलतेच करणारा. आणि चौथा, आपल्या पावलांचे ठसे उमटूच न देणारा. पुढे १९८७ साली डोरोथी डेनिंग या विदुषीने या विचाराला शास्त्राचे रूप दिले. प्रत्येक माणसाची काम करण्याची एक रीत असते. तो कधी येतो, काय उघडतो, किती वेळ बसतो, हे यंत्राने टिपून ठेवावे, आणि ती रीत मोडली की इशारा द्यावा.

दुसरीही एक पद्धत आहे. पोलीसचौकीत नामचीन चोरांच्या तसबिरी लावतात, तशा जुन्या हल्ल्यांच्या खुणा यंत्राजवळ ठेवायच्या. त्याने ओळखीचा चोर सापडतो, नवा मात्र सरळ आत जातो. म्हणून नव्या चोरासाठी रीत मोडलेली पाहायची. येथूनच सारी पंचाईत सुरू होते. कारण रीत चोर मोडतो, तशी साधी माणसेही मोडतात.

असे जागले हवेत कशाला, असे मात्र कोणी म्हणू नये. २०१८ सालच्या ऑगस्टात आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर पडलेला दरोडा अनेकांना आठवत असेल. चोरांनी बनावट कार्डे केली आणि २८ देशांतल्या यंत्रांतून पैसे काढले. त्या यंत्रांकडून येणारी विचारणा बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोहोचतच नव्हती. मध्येच एक तोतया बसवला होता, आणि तोच परस्पर ‘द्या पैसे’ म्हणून उत्तर देत होता. दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. सगळे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये! ना कुलूप तुटले, ना भिंत फुटली.

‘मग तुझ्या यंत्राला चोर सापडतो की नाही?’ मी विचारले.

‘सापडतो, सर. पण त्याच्याबरोबर गावही सापडते.’ असे म्हणून त्याने फराळाच्या डब्याखालचा कागद ओढला आणि हिशेब मांडला. समजा, एका दिवसात दहा लाख नोंदी झाल्या. त्यांतल्या वीस चोराच्या. यंत्र इतके हुशार धरू, की ते विसांपैकी एकही सोडत नाही, आणि साध्या नोंदींपैकी शंभरांत एकीलाच चुकून चोर म्हणते. शंभरांत एक चूक! असा परीक्षक आमच्या शाळेत असता तर आम्ही त्याचा सत्कार केला असता. पण दहा लाखांतला शंभरावा हिस्सा दहा हजार होतो. म्हणजे दिवसभरात दहा हजार वीस हाका, आणि त्यांतल्या खऱ्या वीस. पाचशे वेळा धावत जावे तेव्हा एकदा चोर असायचा. हजारांत एक चूक धरली तरी एका खऱ्या हाकेमागे पन्नास खोट्या.

स्वीडनमधल्या स्टेफान अ‍ॅक्सेलसन या संशोधकाने १९९९ साली हेच गणित मांडले, आणि या शास्त्राचे खरे दुखणे कोठे आहे ते दाखवले. चोर न सापडणे हे दुखणे आहेच. पण सावांना चोर म्हणण्याचे प्रमाण अगदी नगण्य झाल्यावाचून जागल्याचा उपयोग नाही. आणि गंमत अशी, की जितका समाज प्रामाणिक, तितकी हाक खोटी निघण्याचा संभव अधिक. शंभरांत नव्वद चोर असतील तर आंधळ्याचाही बाण लागेल. जेथे बहुतेक माणसे सरळ आहेत तेथेच संशय चुकतो.

खोट्या हाका ऐकून ऐकून कान मरतात, हे पुढचे संकट. अमेरिकेत टार्गेट नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. २०१३ च्या नाताळाच्या खरेदीत तेथे चोर शिरले आणि सुमारे ४ कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती गेली. तेथला यांत्रिक जागल्या झोपला नव्हता. त्याने इशारे दिले होते, माणसांनी ते पाहिलेही होते. पण तातडीने धावावे असे कोणाला वाटले नाही. लहानपणी आपण ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकली. त्यातला गुराखी पोर खोटे बोलत होता, म्हणून तात्पर्य सोपे होते. पण पोर खोटे बोलत नसेल, केवळ फार जागरूक असेल, झुडूप हलले की त्याला खरोखरच लांडगा दिसत असेल, तर? तरीही गावकरी झोपतात, आणि तरीही मेंढ्या जातात.

यावर उपाय शोधणारे पुष्कळ आहेत. हल्ली शिकणारी यंत्रे निघाली आहेत. ती कशावर शिकवतात ते ऐकून मला आमच्या परीक्षांची आठवण झाली. अमेरिकेत १९९८ साली जमवलेल्या नमुन्यांवरून पुढच्या वर्षी नोंदींचा एक संच तयार झाला, आणि त्यावर संशोधक वर्षानुवर्षे आपापली यंत्रे पारखीत राहिले. २००९ साली कोणी तो नीट तपासला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश नोंदी दुसऱ्या नोंदींच्या नकला निघाल्या. तीच ती प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा दिली तर ढ मुलगाही नव्वद गुण मिळवतो, हे कोणत्याही मास्तराला ठाऊक आहे. शिवाय जाळ्यातली बरीच पत्रे आता बंद पाकिटांतून जातात. जागल्याला पाकीट दिसते, मजकूर दिसत नाही. आणि खरा धूर्त चोर एकदम आत उडी मारतच नाही. तो रोज बोटभर दार लोटतो, यंत्राला सवय करतो, आणि महिन्याभराने उघडे दार हीच घराची रीत ठरते. वाईटाची सवय अशीच लागते. त्यासाठी यंत्रच असावे लागते असे नाही.

मग करावे काय? मला या विद्येतली एक जुनी हकीकत फार आवडली. १९८६ साली क्लिफर्ड स्टॉल हा खगोलशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथल्या प्रयोगशाळेत संगणक सांभाळीत होता. हिशेबात ७५ सेंटांची तफावत आली. आपल्याकडे ‘किरकोळ आहे’ म्हणून वहीत कोठेतरी जिरवली असती! स्टॉलने तिचा पाठपुरावा केला. चोर एका गृहस्थाच्या नावाने वावरत होता. तो गृहस्थ तर तेव्हा इंग्लंडात होता. नाव दिसले म्हणून स्टॉलने त्याला चोर ठरवले असते, तर एक साव माणूस नाहक बदनाम झाला असता आणि चोर निसटला असता. त्याने आरडाओरडा केला नाही. छपाईची यंत्रे जोडून चोराची अक्षरे कागदावर उमटत ठेवली आणि महिनोन्महिने धीराने पाहत राहिला. शेवटी चोर निघाला पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी. हाती लागलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती.

माझा विद्यार्थी म्हणाला, ‘सर, नवा होतो तेव्हा रात्री दोन वाजता एक खाते उघडलेले दिसले. माणूस रोज दहाला येणारा, गावही भलतेच. मी तत्काळ खाते बंद केले आणि वर कळवले. सकाळी कळले, त्याची मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसून तो बिचारा राहिलेले काम करीत होता. आता मी आधी फोन करतो, “साहेब, आपणच आहात ना?” असे विचारतो.’

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे तोंड मला नव्हते.

बारा वर्षांपूर्वी वर्गातल्या सहलीचे पैसे हरवले. मधल्या सुट्टीत एक मुलगा वर्गातच बसून होता. तो एरवी मैदानावरून हलायचा नाही. त्याची रीत मोडली होती! मी चाळीस मुलांपुढे त्याला उभे केले आणि त्याचे दप्तर टेबलावर उपडे केले. दोन वह्या, एक कंपासपेटी, आणि एक रिकामा डबा. आई आजारी होती, घरी चूल पेटली नव्हती, आणि रिकामा डबा कोणाला दिसू नये म्हणून तो मुलगा वर्गात बसला होता. पैसे दुसऱ्या दिवशी माझ्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. मी त्याला शिक्षकांच्या खोलीत बोलावून ‘चुकलो बरं का’ म्हटले. त्याने मान हलवली. त्यानंतर त्याने माझ्या तासाला एकही चित्र पुरे केले नाही.

संशय आला हे माझे पाप नव्हते. पैसे सांभाळणाऱ्याला संशय आलाच पाहिजे. ज्याला तो येत नाही तो भोळा नव्हे, बेजबाबदार. माझे पाप असे, की संशयाचा प्रश्न मी निकालासारखा वाचून दाखवला. ‘आज खेळायला का नाही गेलास?’ एवढे त्याच्या कानाशी विचारायला मला एक मिनिट लागले असते. जागल्याने हाक जरूर द्यावी. ऐकणाऱ्याने खिडकीही लावू नये आणि काठीही उचलू नये. कंदील घेऊन पाहायला जावे. पाचशेव्या वेळीही जावे. हे कंटाळवाणे काम कोणत्याही यंत्राने अजून माणसाच्या अंगावरून उतरवलेले नाही.

निघताना माझा विद्यार्थी वाकून नमस्कार करू लागला. मी त्याला विचारले, ‘तूही त्या वर्गात होतास ना रे?’

‘होतो, सर,’ तो म्हणाला, आणि चपला घालू लागला.

आरोप मी चाळीस जणांपुढे केला होता आणि क्षमा बंद खोलीत मागितली होती. हे देणे फेडायचे राहिले होते. म्हणून हे सारे लिहिले. त्या मुलाचे नाव मात्र इथे घालत नाही. घातले, तर पुन्हा एकदा त्यालाच सगळ्यांपुढे उभे केल्यासारखे होईल. तो हा अंक वाचील की नाही, कोण जाणे. पण त्या दिवशीचे बाकीचे एकोणचाळीस कोठे ना कोठे वाचतील, अशी मला आशा आहे.