कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी?

कामगार संघटनांच्या फायद्या-तोट्यांची चर्चा आपल्याकडे दोन ठरलेल्या वाक्यांत आटोपते. युनियन नसती तर कामगाराला कुत्र्यानेही विचारले नसते, हे एक. युनियननेच मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, हे दुसरे. दोन्ही वाक्ये गिरणगावाच्या इतिहासावरच उभी आहेत. पण त्या इतिहासात सतत वर येणारा प्रश्न दोघांनीही वगळलेला असतो: कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, आणि ते ठरवायचे कोणी?

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या काळात हा प्रश्न उद्भवला नाही, कारण बोलायला दुसरे कोणी नव्हतेच. जोतीराव फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चा संपादक 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवतो आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवतो. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, कामावर इजा झाल्यास भरपाई. 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांच्या ‘मिल हँड्स असोसिएशन’कडे मात्र ना सभासदांची यादी होती, ना वर्गणी, ना नियमावली. त्यामुळे 1897 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे चळवळ चालवील असा सांगाडाच उरला नाही.

तो सांगाडा पुढच्या पिढीने उभा केला. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीकृत संघटनेला संरक्षण दिले. 1928 मध्ये कॉम्रेड डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची गिरणी कामगार युनियन जन्मली आणि मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. एका माणसाकडे जास्त साचे सोपवून माणसे कमी करण्याच्या योजनेविरुद्ध हा संप होता. गिरणीगिरणीत समित्या झाल्या. जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर जगणाऱ्या कामगाराला तक्रार घेऊन जायला पहिल्यांदाच दुसरे दार मिळाले.

पण त्या दारातून सगळ्यांना आत येता येत होते का? चांगली मजुरी विणकाम खात्यात होती आणि तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, त्यात सवर्ण कामगारांना विटाळ दिसे. ही बंदी गिरणीमालकाने घातलेली नव्हती, सोबतच्या कामगारांनीच पाळलेली होती. डॉ. आंबेडकरांनी संपकाळात हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी तो नाइलाजाने मागण्यांत घेतला. एकजूट म्हणजे आपोआप समता नव्हे, हा संघटनेच्या विचाराला मिळालेला सर्वांत कठोर धडा. तरीही संपाच्या हक्कावर गदा आणणारे विधेयक आले, तेव्हा 7 नोव्हेंबर 1938 च्या संपात आंबेडकर डांग्यांच्याच बरोबर उभे राहिले. संघटनेतले दोष दाखवणे आणि संघटनेचा हक्क राखणे, ही दोन्ही कामे एकच माणूस करू शकतो, हे त्यांनी दाखवले.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क कागदावर नेमून दिला: एका शहरातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना. हेतू अगदीच गैर नव्हता. चार युनियन चार करार मागू लागल्या तर कोणताच करार टिकत नाही. कापडगिरण्यांत हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. मात्र कामगारांचा विश्वास उडाला तर हा मान काढून घेण्यासाठी गुप्त मतदानाची सोय नव्हती.

त्याचे परिणाम 1982 मध्ये दिसले. 18 जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांच्या जोडीला 1946 चा तो कायदा रद्द करण्याचीही मागणी होती. कायद्याने ज्यांना बोलण्याचा अधिकार होता त्यांच्यामागे कामगार नव्हते. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायला सरकार आणि मालक तयार नव्हते. गिरण्या केवळ संपाने गेल्या असे म्हणणे अर्धसत्य आहे. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीचे वाढते भाव यांनीही त्या पोखरल्या. पण संघटनेच्या बाजूचा दोष झाकायचा कशाला? तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. घरातली भांडी विकणाऱ्या कामगाराला ‘आता पुरे’ म्हणायची जागा ना कायद्यात होती, ना नेत्याभोवतीच्या श्रद्धेत.

याच राज्यात एक वेगळी वाटही निघाली होती. रोज निराळ्या मालकाचे ओझे वाहणाऱ्या हमालांसाठी अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी लढून 1969 चा माथाडी कायदा मिळवला. मालकाने मजुरीवर लेव्ही माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी वगैरे द्यायचे, ही व्यवस्था नेत्याच्या आवाजावर अवलंबून नाही. पण माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांनी तिलाही बट्टा लावला.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना मालकाशी एकटीने वाटाघाटी करू शकते. हा पाठिंबा मोजायचा कसा, यावरच या तरतुदीचे मोल ठरेल. संघटना हवी की नको हा वाद मला निकालात निघालेला वाटतो. एकट्या कामगाराला मालकाशी बरोबरीने बोलता येत नाही. खरा निकष इतकाच: ज्याचा पगार बुडतो, त्याला नेता निवडताना, संप पुकारताना आणि तो थांबवतानाही निर्भयपणे मत देता येते का? ज्या संघटनेत ते देता येते तिचे तोटे सभासद स्वतःच दुरुस्त करू शकतात. जिथे देता येत नाही, तिथे फायदे मिळतात ते नेत्याच्या मर्जीने.