भाजलेली बी: तीच की दुसरी?

कॉफीची कच्ची बी हिरवट करडी, दगडासारखी टणक आणि जवळजवळ बिनवासाची असते. लोखंडी कढईत बारा-पंधरा मिनिटे हलवत भाजली की ती तपकिरी, ठिसूळ, कडसर आणि घमघमीत होते. रूप, रस, गंध आणि स्पर्श हे चारही गुण पालटतात. वैशेषिक दर्शनाने नेमके हेच चार गुण पृथ्वीद्रव्याच्या बाबतीत ‘पाकज’ मानले आहेत, म्हणजे अग्नीच्या संयोगाने जुने जाऊन नवे उपजणारे. त्यातूनच एक प्रश्न उभा राहतो. हे गुण पालटल्यावर द्रव्य तेच राहते का? कढईतून उतरते ती टाकलेलीच बी असते, की आचेवर ती नष्ट होऊन तिच्या जागी दुसरी आलेली असते?

न्याय आणि वैशेषिक ही एरवी जोडीने चालणारी दर्शने या प्रश्नावर वेगळी झाली. वैशेषिकांचे मत पीलुपाक (परमाणूंचा पाक) आणि नैयायिकांचे पिठरपाक (अख्ख्या भांड्याचा पाक) म्हणून ओळखले जाते. वैशेषिक आचार्य प्रशस्तपादाच्या भाष्यापासून सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या परंपरेपर्यंत हा वाद शिकवला गेला. दाखला मात्र ठरलेला, आव्यात भाजलेल्या मडक्याचा. आव्याच्या आत काय चालते ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे वाद बराचसा तर्कावरच चालला. कढईतली बी डोळ्यांसमोर असते. तिचा आवाज ऐकू येतो आणि वजनही करता येते. म्हणून या वादाला ती मडक्यापेक्षा चांगली कसोटी आहे.

घरी भाजायला जाड बुडाची कढई, लांब दांड्याचे उलथणे आणि मध्यम आच पुरते. बिया एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅम, सगळ्यांना बूड लागेल इतक्याच घ्यायच्या. हात थांबला की एका अंगाने करपतात. कच्च्या बीत १० ते १२ टक्के पाणी असते. पहिल्या काही मिनिटांत त्याची वाफ होऊ लागते आणि गवती वास सुटतो. १५० अंश सेल्सिअसच्या सुमारास बी पिवळी पडते. मग शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यातल्या मेलार्ड प्रक्रियेने रंग तपकिरीकडे जातो, वास खरपूस होतो आणि पातळ रुपेरी साल सुटून कढईत भिरभिरू लागते. २०० अंशांच्या आसपास बिया एकामागून एक मोठ्याने तडकतात. ही पहिली तडतड. कुणी इथेच कढई उतरवतात, कुणी थोडे पुढे जातात. सुमारे २२५ अंशांवर दुसरी, बारीक आणि दाट तडतड सुरू होते आणि पृष्ठभागावर तेल दिसू लागते. उतरवलेल्या बिया लगेच चाळणीत किंवा सुपात पसरून निववाव्या लागतात, नाहीतर आतल्या उष्णतेने त्या भाजतच राहतात. साल पाखडून टाकायची आणि डबा पहिला दिवसभर घट्ट लावायचा नाही, कारण बीतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो.

वैशेषिकांच्या मते अग्नीचे काम थेट परमाणूंवर चालते. अग्नीच्या आघाताने परमाणूंत गती येते, ते एकमेकांपासून सुटतात, द्व्यणुके (दोन परमाणूंच्या जोड्या) नष्ट होतात आणि अवयवी, म्हणजे अवयवांचे बनलेले अखंड द्रव्य, कोसळतो. सुट्या झालेल्या परमाणूंत जुना रंग जाऊन नवा येतो. मग ते पुन्हा जुळतात आणि नवा अवयवी तयार होतो. द्व्यणुकाच्या नाशापासून नव्या द्व्यणुकाला रंग येईपर्यंत किती क्षण लागतात, याचीही त्यांनी गणना केली. त्यातली नऊ क्षणांची प्रक्रिया सर्वांत प्रसिद्ध आहे. हे सारे इतक्या वेगाने घडते की पाहणाऱ्याला खंड जाणवत नाही. या मतामागे ठोस कारण होते. मडके आतूनही भाजलेले निघते. अवयव सुटल्याशिवाय अग्नी आत शिरेल कसा?

नैयायिक उत्तर देतात की मडके सच्छिद्र असते. पाणी भरले की ते बाहेरून पाझरते, तसाच अग्नी आत शिरतो. मडक्यावर रचलेली मडकी भाजताना खाली येत नाहीत, त्यांची संख्या बदलत नाही, अंगावरची रेघही जागची हलत नाही आणि भाजल्यावर ‘तेच हे मडके’ अशी ओळख पटते. तेव्हा अग्नी अखंड अवयवीतच गुण पालटतो.

पहिली तडतड या वादात निर्णायक साक्ष देते. बीच्या पोटातल्या पाण्याची वाफ आणि तयार होणारे वायू बाहेर पडू पाहतात, पेशींच्या जाड भिंती त्यांना अडवतात, दाब वाढत जातो आणि शेवटी बी तडकते. दाब साठायला भिंत सलग उभी असावी लागते. अवयवी प्रत्येक क्षणी कोसळत आणि उभा राहत असता, तर वाफेला कोंडायला काही उरले नसते आणि आवाजही झाला नसता. वेगाचा आधार इथे वैशेषिकांच्या कामी येत नाही, कारण प्रश्न दिसण्याचा नसून दाब पेलण्याचा आहे. इथे नैयायिकांचा पक्ष खरा ठरतो. पालट सूक्ष्म पातळीवर होतो हे वैशेषिकांनी ओळखले होते, आणि त्या दूरदृष्टीचे मोल मोठे आहे, पण त्यासाठी बी कोसळायची गरज नव्हती.

नैयायिकांची खरी अडचण पुढे आहे. भाजल्यावर शंभर ग्रॅमची सुमारे ८५ ग्रॅम बी उरते, आकार मात्र फुगतो. पाणी गेले, साल गेली, काही भाग वायू होऊन गेला. अवयव निघून गेला की पूर्वीचा अवयवी नष्ट होऊन खंडित असा नवा उपजतो, हा नियम नैयायिकांनाही मान्य आहे. मग त्यांच्याच नियमाने ही बी दुसरी ठरते. ‘तीच ही’ या ओळखीचा आधार इथे तोकडा पडतो, कारण दिव्याची ज्योत तीच वाटते ती केवळ सजातीयतेने, हेही ते कबूल करतात. बीत टिकते असे काही आहे. कॅफीन भाजताना बहुतांशी तसेच राहते, तर साखर जवळजवळ सगळी संपते. पण घटकांचा हिशेब मांडून तीच की दुसरी हे ठरत नाही. आचेने बी मोडत नाही, घटीने ती बदलते, असे दोन वेगळे निवाडे करणे अधिक प्रामाणिक आहे.

योगपरंपरेने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहिला. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात क्षीण झालेल्या क्लेशांना भाजलेल्या बीची उपमा आहे आणि तुकोबांच्या अभंगातही हा दाखला येतो. इथे बीचे बीपण रंगात किंवा अवयवांत नसून अंकुरण्याच्या शक्तीत आहे. जैन आचारातला सचित्त (सजीव) आणि अचित्त (निर्जीव) हा भेदही याच जातीचा. या मापाने कॉफीची बी पिवळी पडण्याआधीच, रूप हिरवे असतानाच, संपलेली असते. साठवणीतल्या कच्च्या बियांची अंकुरशक्ती तर काही महिन्यांत आपोआप जाते. म्हणजे द्रव्य टिकले तरी बी टिकत नाही.

भाजण्याच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रश्न धर्मशास्त्राचा झाला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे निघाली आणि मुफ्तींनी आक्षेप घेतला की कोळसा होईपर्यंत जाळलेला पदार्थ सेवन करणे निषिद्ध आहे. ऑटोमन इतिहासकार पेचेवी सांगतो की पुढे मत पालटले: बी पूर्ण कोळसा होत नाही, म्हणून कॉफी पिणे वैध. दोन्ही निर्णयांत नियम एकच आहे, फरक फक्त बी कुठल्या अवस्थेला पोहोचली याच्या निदानात. दुसऱ्या तडतडीनंतरही आच चालूच ठेवली तर बी काळी, तेलकट होते, दाट धूर येतो, चवीत कडूपणाखेरीज काही उरत नाही आणि शेवटी ती पेटते. पहिल्या मुफ्तींचे वर्णन त्या अवस्थेला लागू पडते. त्याआधी उतरवलेल्या बीला ते लागू पडत नाही.