सामासिक अंतर

मुंबईत घर बांधू इच्छिणाऱ्याला महानगरपालिकेकडून जो पहिला मोलाचा कागद मिळतो, त्याचे नाव मोठे विलक्षण आहे. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३४६ व्या कलमाखाली दिल्या जाणाऱ्या या कागदाला 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल' असे म्हणतात. म्हणजे नामंजुरीची सूचना. बांधण्याचा मनोदय अर्जदाराने ३३७ व्या कलमाप्रमाणे कळवायचा आणि त्यावर पालिकेने उत्तर द्यायचे ते असे, की पुढील अटी पुऱ्या झाल्याखेरीज हा मनोदय आम्हांला मान्य नाही. अटींची यादी लांबलचक असते. तरीही हा नकार हाती पडला की बांधणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, कारण व्यवहारात तोच होकार समजला जातो. परक्या सत्तेच्या कारकुनी भाषेचा अवशेष म्हणून या नावाला हसून सोडून देता येईल. मला मात्र त्यात एक खरेपणा आढळतो. आपल्या मालकीच्या जमिनीवर आपल्याच पैशाने चार भिंती उभ्या करू पाहणाऱ्या माणसाला समाज प्रथम 'नाही' म्हणतो आणि मग कोणत्या शर्तींवर 'होय' म्हणता येईल ते सांगतो. या पहिल्या 'नाही'चा अधिकार समाजाला कोठून आला, आणि त्याचा 'होय' करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न दिसतो तितका कचेरीपुरता नाही.

तो माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. देशावरच्या एका मध्यम आकाराच्या शहरात माझ्या वडिलांनी बांधलेले बैठे घर आहे. त्यावर मजला चढवावा म्हणून २०१८ साली मी परवानगीच्या खटपटीला लागलो. मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, कर भरल्याच्या पावत्या अशी जमवाजमव चालू असता वडिलांच्या कपाटात घराचा १९६८ सालचा मंजूर नकाशा सापडला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, घडीवर फाटलेल्या. आमचा वास्तुविशारद तरुण आणि चुणचुणीत होता. तो फीत घेऊन घराभोवती एक फेरी मारून आला, नकाशा ओट्यावर पसरला आणि बोट ठेवून म्हणाला, "सर, इथे तर मोकळी जागा दाखवली आहे." त्या मोकळ्या जागेत गेली चाळीस वर्षे आमचे न्हाणीघर आणि अडगळीची खोली उभी होती. मी तेथे रोज आंघोळ केली होती आणि ती खोली कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

या मोकळ्या जागेला नगररचनेच्या मराठीत 'सामासिक अंतर' म्हणतात. शब्द कोणी घडवला ते ठाऊक नाही, पण घडवणाऱ्याला भाषेचा कान असावा. पानाच्या कडेला सोडलेली कोरी पट्टी तोही समास, आणि दोन शब्द एकत्र येऊन झालेला जोडशब्द तोही समासच. घराच्या कडेची ही पट्टी दोन्ही अर्थांनी समास आहे. ती दोन घरांना वेगळे ठेवते आणि त्यांना एका वस्तीत जोडतेही. तिचा इतिहास मात्र व्याकरणाचा नसून रोगराईचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरणगावातल्या काळोख्या खोल्यांत उजेड आणि वारा पोहोचावा म्हणून या ट्रस्टने जो नियम पुढे आणला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. भूमितीचे अवडंबर बाजूला ठेवले तर त्याचा अर्थ एवढाच, की इमारतीची उंची तिच्या कडेच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्याला आकाशाची एक चीर तरी दिसावी. हा नियम घर बांधणाऱ्याच्या हितासाठी नव्हताच. तो समोरच्या खोलीतल्या माणसासाठी होता. आणि तो माणूस अर्जदार नव्हता, त्याची सही कोठे लागत नव्हती, पुष्कळदा तो अजून तेथे राहायलाही आलेला नव्हता.

आता वडिलांविषयी. ते गणिताचे शिक्षक होते आणि करारी होते. १९७९ साली घरात माणसे वाढली, न्हाणीघर अपुरे पडू लागले, तेव्हा ते वाढीव बांधकामाची चौकशी करायला गेले होते. तेथे त्यांना चहापाण्याचा आकडा सांगण्यात आला. ते तडक घरी आले आणि म्हणाले, "मी लाच देणार नाही. आणि माझ्या जागेत न्हाणीघर बांधायला मला कोणाचा बाप लागत नाही." पंधरा दिवसांत गवंड्याने एक विटेच्या भिंती चढवल्या. ही हकिकत आमच्या घरात अभिमानाने सांगितली जाई. मीही ती पुढे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली आहे; सत्त्वशील माणसाने भ्रष्ट व्यवस्थेला दिलेले उत्तर म्हणून.

नकाशावर ठेवलेले ते बोट पाहिल्यावर या हकिकतीचा दुसरा भाग प्रथमच माझ्या ध्यानात आला. लाच न देताही वडिलांना अर्ज करता आला असता. वेळ लागला असता, खेटे पडले असते, आणि अखेर उत्तर आले असते, की सामासिक अंतरात बांधता येत नाही. त्यांना हे ठाऊक नसेल असे म्हणवत नाही; १९६८ चा नकाशा त्यांनीच मंजूर करून आणला होता. लाचेच्या मागणीने त्यांना संताप आणला हे खरेच, पण त्या संतापाने त्यांची एका अवघड 'नाही'पासून सुटकाही केली. अधिकारी नीतिभ्रष्ट निघाला की नियमही त्याच्याबरोबर बुडाला असे मानणे आपल्याला फार सोयीचे असते. नियम ज्याच्यासाठी असतो तो तिसरा माणूस या भांडणात दिसेनासा होतो. आमच्या बाबतीत तो तिसरा माणूस शेजारच्या काकू होत्या. त्यांचे घर १९५५ चे. स्वयंपाकघराची एकुलती खिडकी आमच्या बाजूला. न्हाणीघराची भिंत उभी राहिल्यापासून त्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागे. लहानपणी मला ते त्या घराचे वैशिष्ट्य वाटे.

काकू किंवा काका याविषयी कधी एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याला आम्ही संमती समजलो. कायदाही मौनाला असाच अर्थ देतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या ४५ व्या कलमात अशी तरतूद आहे, की अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर, प्रस्ताव नियमांना धरून असल्यास, परवानगी मिळाली असे समजावे. हे नागरिकाच्या बाजूचे आहे आणि योग्यही आहे. जिच्या हाती सत्ता आहे तिने बोललेच पाहिजे. पण १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम पाहा. वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेडावर घरमालकाचा हक्क पक्का होतो, मात्र उजेड अडवला गेल्यापासून दोन वर्षांच्या आत त्याने दावा लावला पाहिजे. १९७९ मध्ये त्या खिडकीच्या उजेडाला चोवीस वर्षे झाली होती. १९८१ उलटले आणि हक्क हातचा गेला. येथे मौनाची किंमत दुबळ्याला मोजावी लागली. कचेरीचे मौन आणि शेजाऱ्याचे मौन यांना एकाच तागडीत घालता येत नाही, हे सांगायला कायद्याजवळ शब्द नसतात.

माझा वास्तुविशारद या चिंतेने बुचकळ्यात पडला. "त्यात काय मोठेसे? दंड भरून नियमित करून घेऊ," तो म्हणाला. त्याचे चूक नव्हते. २०१७ साली अधिनियमात नवे कलम घालून, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत उभी राहिलेली काही अनधिकृत बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची वाट शासनाने मोकळी केली होती. आमची खोली त्यात बसवता येईल असा त्याला विश्वास होता. हिशेब करून त्याने रक्कमही काढली; ती मला परवडणारी होती. अडचण रकमेची नव्हती. खिडकी शेजारच्या घराची, अंधार काकूंचा, आणि क्षमा शासनाने करायची, हे मला उमगेना. ज्याचे देणे आहे त्याला वगळून भलत्याच तिजोरीत पैसे भरले तर ऋण फिटले असे म्हणता येईल काय?

या विचाराला एक धोका आहे, तो टाळला पाहिजे. अनधिकृत बांधणारा प्रत्येक जण माझ्या वडिलांच्या जागी नसतो. ज्याच्या नावे जमीन नाही, मिळकत पत्रिका नाही, ज्याचा तुकडा स्टँपपेपरवर घेतलेला आहे, त्याला अर्ज करण्याची सोयच नसते. त्याचे बांधणे हे परवानगीला दिलेले आव्हान नसून परवानगीच्या जगाबाहेर ढकलले गेल्याचा परिणाम असतो. महाराष्ट्राने २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला तो अशा वस्त्यांना आत घेण्यासाठी. त्यांना दिलेली मोकळीक मला न्याय्य वाटते. पण त्याच मोकळिकीच्या आडून, ज्याला विचारता येत होते आणि ज्याने विचारले नाही, तोही आत शिरतो. आणि न विचारण्याचा शेवट नेहमी न्हाणीघरापाशीच होतो असे नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाटा येथे एक बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. बांधकाम पुरे होण्यापूर्वीच त्यांपैकी कित्येक तेथे राहू लागली होती. त्यांच्या वतीने कोणी तरी 'नाही' म्हणायला हवे होते, ते म्हटले गेले नाही.

मग शेजाऱ्यांनीच आपसांत ठरवावे, मध्ये कचेरी कशाला, असेही कोणी विचारील. हा विचार नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीच्या तंट्यांचा विचार आहे: शेजारच्या भिंतीपासून किती अंतर सोडावे, सांडपाणी कसे काढून द्यावे, मोडल्यास दंड किती. त्यातच अशीही मुभा आहे, की घरमालकांनी एकत्र येऊन आपल्याला हवे तसे बांधावे, फक्त अनिष्ट ते टाळावे. मला ही व्यवस्था फार सुसंस्कृत वाटली, आणि एका संध्याकाळी मी काकूंकडे गेलो.

काका जाऊन दहा वर्षे झाली होती. काकू ऐंशीच्या पुढच्या. स्वयंपाकघरात नेहमीप्रमाणे दिवा जळत होता. मी न्हाणीघराची गोष्ट काढली, वडिलांच्या वतीने काही तरी म्हणण्याचा प्रयत्न केला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, त्यांनी विचारलं असतं तर आम्ही होच म्हटलं असतं. आमचा सुधा तेव्हा तुझ्या वडिलांकडे गणिताला यायचा, फुकट. नाही म्हणायची सोय कुठे होती आम्हाला?"

कौटिल्याची सुसंस्कृत व्यवस्था माझ्यापुरती त्या एका प्रश्नाने निकालात निघाली. शेजाऱ्यांतली संमती तेव्हाच संमती असते जेव्हा नकारही देता येतो. आणि शेजारधर्म, उपकार, वय, पैसा, जात यांच्या जाळ्यात वाढलेल्या आपल्या आळ्यांमध्ये नकार देता येणारे शेजारी किती? कचेरीचा नकार रूक्ष असतो, अपमानकारक असतो, क्वचित विकाऊही असतो. तरी त्याचे प्रयोजन येथे आहे. जिला उपकाराखाली 'नाही' म्हणता येत नव्हते तिच्या वतीने ते म्हणायला कोणी तरी परका, उपकाराबाहेरचा माणूस हवा होता. ज्या माणसाने त्या कचेरीत बसून चहापाण्याचा आकडा सांगितला, त्याने वडिलांकडून पैसे उकळायचा प्रयत्न केला हा त्याचा लहान अपराध. काकूंचा 'नाही' त्याच्यापाशी ठेव म्हणून होता आणि तो त्याने विक्रीला काढला, हा मोठा.

मी उठताना सहज म्हणालो, "काकू, वर मजला चढवतोय. तुमची हरकत नाही ना?" त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "वर बांध हवं तेवढं. पण या बाजूला गच्ची सोड. भिंत नको." वास्तुविशारदाच्या मते नियमाने तेथे भिंत बांधता येत होती, एक खोली फुकट गेली म्हणून तो हळहळला. नकाशा बदलला. न्हाणीघर घराच्या पोटात घेतले आणि जुन्या बांधकामापुढे 'पाडणार' असा शेरा लिहून अर्ज दाखल केला. साठ दिवस उलटून गेले. 'परवानगी मिळाली असे समजावे' या तरतुदीवर विसंबण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी प्रारंभ प्रमाणपत्र हाती आले.

पाडकामाला दोन माणसे आणि एक दिवस पुरला. संध्याकाळी राडारोडा उचलल्यावर मी त्या पट्टीत उभा राहिलो. काकूंच्या खिडकीचे गज गंजून लाल झाले होते आणि चौकटीला चाळीस वर्षांची बुरशी धरली होती. आतला दिवा चालूच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो खिडकीला जुन्या नऊवारीचा पडदा लावलेला. उजेडाने डोळे दिपतात, त्या म्हणाल्या. हळूहळू सवय होईल.