श्रेष्ठत्वाची मोजदाद

मागे एकदा आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात, रात्रीच्या जेवणानंतर पानसुपारी चालू असता, एक वाद ऐकण्याचा योग आम्हांस आला. घरातील दोघे तरुण बंधू फिलिपीन्स देशातील पूल ह्या खेळाच्या खेळाडूंची प्रतवारी लावीत बसले होते. धाकटा एफ्रेन रेयेस ह्यास निःशंकपणे पहिला क्रमांक देई. थोरला म्हणे, ‘अरे, नुसती भक्ती नको, जगज्जेतेपदे मोज. कार्लो बियादो तीनदा जगज्जेता झाला, रेयेस दोनदाच. मग पहिला कोण?’ धाकट्यास उत्तर सुचेना. पण त्याचे मतही बदलेना. तो इतकेच म्हणाला, ‘दादा, मोजून कळेल ते हे नव्हे.’ वडील हसून म्हणाले, ‘खेळच तो, त्यात भांडण्यासारखे काय आहे?’

आम्हांस मात्र वाटले की त्यात भांडण्यासारखे पुष्कळ आहे. प्रश्न दिसावयास खेळाचा होता, पण वस्तुतः न्यायाचा होता. भिन्न जातींच्या गुणांना एकाच शिडीवर चढवून वरचा कोण आणि खालचा कोण हे ठरविण्याचा अधिकार आपणांस आहे काय? आणि असल्यास तो कोणत्या मापाने बजावावा?

हा खेळ ज्यांस अपरिचित आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. काठीने पांढरा चेंडू मारून त्याच्या आघाताने इतर चेंडू हलवावयाचे, हे ह्या कुळातील सर्व खेळांचे सामान्य लक्षण. परंतु एका कुळातील असूनही ह्या भावंडांचे स्वभाव अगदी निरनिराळे आहेत. नाइन-बॉलमध्ये पांढऱ्या चेंडूने मेजावरील सर्वांत लहान अंकाचा चेंडू प्रथम गाठावा लागतो आणि नवव्या अंकाचा चेंडू नियमाने खिशात घालील तो डाव जिंकतो. मग तो नववा चेंडू आरंभीच्या फटक्यातच दैवयोगाने पडलेला का असेना. एट-बॉलमध्ये आपल्या वाट्याचे सात चेंडू संपवून मगच आठव्यास हात घालता येतो. येथे पुढचे सात-आठ फटके आधीच मनात मांडणाऱ्याची सरशी होते. टेन-बॉलमध्ये कोणता चेंडू कोणत्या खिशात जाणार हे बोलून दाखवावे लागते. दैवाला वाव कमी. वन-पॉकेटमध्ये प्रत्येकाच्या वाट्यास एकच खिसा येतो. तेथे धैर्य आणि अडवणूक ह्यांचा कस लागतो. आणि ज्यास कॅरम बिलियर्ड म्हणतात (आपल्या घरातील सोंगट्यांच्या कॅरमशी त्याचा घोटाळा करू नये) त्यात खिसे मुळीच नसतात. पांढरा चेंडू दुसऱ्या दोहोंस भिडविणे एवढेच काम, पण ते भूमितीच्या अभ्यासकासही थक्क करणारे.

आपल्या देशात हे खेळ पलटणीच्या मेसमध्ये आणि साहेबी क्लबांत वाढले. स्नूकरचा उगम १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत झाला असे परंपरा सांगते. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स ह्यांनी १९५८ साली हौशी खेळाडूंचे बिलियर्डमधील जगज्जेतेपद मिळविले, ही गोष्ट जुन्या पिढीस अभिमानाने आठवेल. फिलिपीन्समध्ये मात्र पूल हा रस्त्यावरच्या माणसाचा खेळ झाला. रेयेसचा जन्म १९५४ चा, पाम्पांगा प्रांतातील. पाच वर्षांचा असता तो मनिला येथे एका वडीलधाऱ्या नातलगाकडे राहावयास आला. त्या नातलगाचा पूलचा अड्डा होता. पोराचा हात मेजापर्यंत पोचत नसे, म्हणून तो शीतपेयांच्या पेट्यांवर उभा राहून खेळे; रात्री निजावयास तेच मेज. ‘बाता’ हे त्याचे टोपणनाव; त्याचा अर्थ ‘पोर’. सत्तरी उलटली तरी जगाने त्यास त्याच नावाने ओळखावे, ह्यात एक गोडवा आहे.

आता थोरल्या बंधूची मोजणी पाहू. जागतिक संघटनेची वैयक्तिक पदे घेतली, तर बियादोची तीन: नाइन-बॉलमध्ये २०१७ व २०२५, टेन-बॉलमध्ये २०२४. रेयेसची दोन: १९९९ साली नाइन-बॉल, २००४ साली एट-बॉल. रोनातो अल्कानोचीही दोनच, आणि त्याच दोन खेळांतील: २००६ व २००७. फ्रान्सिस्को बुस्तामांते, अलेक्स पागुलायान आणि डेनिस ओरकोयो ह्यांचे प्रत्येकी एक. ह्या हिशेबाने अल्कानो रेयेसच्या जोडीला बसतो आणि बियादो दोघांच्याही वर जातो. अंक खोटे नाहीत. पण अंक खरे असणे निराळे आणि अंकांनी सांगितलेली गोष्ट खरी असणे निराळे.

कारण पदे मोजावयाची तर ती पदे आधी अस्तित्वात असावी लागतात. नाइन-बॉलची जागतिक स्पर्धा १९९० साली सुरू झाली, एट-बॉलची २००४ साली, टेन-बॉलची २००८ साली. एट-बॉलचे पद निघाले त्याच वर्षी रेयेसने ते घेतले, तेव्हा तो पन्नाशीत होता. टेन-बॉलचे निघाले तेव्हा चौपन्नाव्या वर्षी. जी शिडी बांधलीच नव्हती तिच्यावर तो तारुण्यात का चढला नाही, असे विचारणे न्यायाचे होईल काय? इतकेच नव्हे. १९९९ साली आयोजकांत फूट पडून दोन निरनिराळ्या जागतिक स्पर्धा झाल्या. रेयेस जिंकला ती कार्डिफची स्पर्धा जागतिक संघटनेने नंतर मान्य केली. म्हणजे त्याच्या दोन पदांपैकी एक पद कागदावर उतरण्यास एका मंडळाची संमती लागली. ती न मिळती तर त्याचा हात यत्किंचितही कमी कुशल झाला असता असे कोण म्हणेल?

शिवाय पुष्कळसे पराक्रम असे असतात की ते कोणत्याच वहीत नीट बसत नाहीत. १९८५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे एक स्पर्धा सेझार मोरालेस नावाच्या अपरिचित खेळाडूने जिंकली. तो रेयेसच होता. त्याची कीर्ती त्याच्याही आधी समुद्र ओलांडून गेली होती, आणि खरे नाव सांगितले असते तर पैजेवर कोणी समोर उभे राहिले नसते. पुढे १९९६ साली हाँगकाँग येथे अर्ल स्ट्रिकलँड ह्या अमेरिकन वीराशी त्याचा सामना झाला. आधी १२० डाव जिंकेल त्यास एक लक्ष डॉलर. तीन दिवस खेळून रेयेस १२० विरुद्ध ११७ असा जिंकला. दोनशे सदतीस डावांत दैवाची लहर दोन्ही पारड्यांत सारखीच पडते. उरते ते कौशल्य. जगज्जेतेपदाच्या छोट्या सामन्यापेक्षा ही कसोटी अधिक कठोर नव्हे काय? परंतु पदांच्या यादीत तिला जागा नाही. येथे सभ्य वाचक म्हणेल की पैज आणि खोटे नाव ही काही प्रतिष्ठेची साधने नव्हेत. आम्हांसही ते मान्य आहे. टोपणनावाआड लपणे हे सरळ वर्तन नव्हे, आणि पैजेपायी धुळीस मिळालेली घरे कोणी पाहिली नाहीत? पण गुणाचा निवाडा आणि वर्तनाचा निवाडा हे दोन खटले आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्यात दाखल करणे हा अन्याय होय. मग तो पुरावा आरोपीस अनुकूल असो वा प्रतिकूल.

दुसरी एक कथा ह्याहून गंभीर आहे. २००२ साली कार्डिफला जागतिक स्पर्धा चालू असता बुस्तामांतेची तान्ही मुलगी मायदेशी मरण पावली. तो खेळत राहिला, अंतिम सामन्यापर्यंत पोचला, आणि १७ विरुद्ध १५ असा हरला. यादीत त्या वर्षापुढे त्याचे नाव दुसरे आहे. २०१० साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दोहा येथे तो अखेर जगज्जेता झाला. अंकांच्या दृष्टीने २००२ चे मोल शून्य आणि २०१० चे एक. त्या रात्री त्या बापाच्या हातात काठी कशी स्थिर राहिली असेल हे ज्यास क्षणभर तरी मनात आणता येते, त्यास हा हिशेब पुरेसा वाटणार नाही. म्हणून २००२ चे पद त्यास द्यावे असे आमचे म्हणणे नाही. हरला तो हरला. करुणेने निकाल फिरवू नये. मात्र निकालाने करुणाही पुसून टाकू नये.

आणि मोजणारे स्वतः तरी पूर्ण मोजतात काय? आम्ही त्या थोरल्या बंधूस विचारले, ‘तीन पदांचा मान फक्त बियादोचाच का?’ रुबिलेन अमित हिने २००९ व २०१३ साली स्त्रियांचे टेन-बॉलचे आणि २०२४ साली नाइन-बॉलचे जगज्जेतेपद मिळविले, तिचीही तीनच. २०२३ साली चेझ्का सेंतेनो हिने टेन-बॉलचे पद घेतले. बंधूराज गप्प झाले. स्त्रियांच्या स्पर्धा निराळ्या, हे खरे. त्यांची पुरुषांशी थेट तुलना करता येत नाही, हेही खरे. परंतु तुलना अशक्य म्हणून नाव बाजूस ठेवणे एक आणि नाव मुळी आठवतच नसणे दुसरे. अंकांवर श्रद्धा ठेवणाऱ्याने निदान आपले अंक तरी पक्षपाताने निवडू नयेत. पागुलायानची अडचण आणखी वेगळी. २००४ साली त्याने फिलिपीन्ससाठी नाइन-बॉलचे पद जिंकले; पुढे तो कॅनडाच्या नावाने खेळू लागला आणि तेथे स्नूकरचाही राष्ट्रीय विजेता झाला. त्याची बेरीज कोणत्या देशाच्या खात्यावर मांडावयाची?

एवढे ऐकून कोणी म्हणेल, ‘मग प्रतवारी हे थोतांडच. सगळेच थोर.’ हा मार्ग आम्हांस औदार्याचा वाटत नाही, आळसाचा वाटतो. सर्वांस सारखेच थोर म्हणणारा खरोखर कोणाकडेच नीट पाहत नाही. ज्याने आयुष्य वेचून एक गुण पराकोटीस नेला, त्यास इतरांच्या रांगेत उभे करून ‘तुम्हीही छान’ म्हणणे हा त्याच्या तपश्चर्येचा उपमर्द होय. तारतम्य हा न्यायाचाच एक अंश आहे. मात्र तारतम्य म्हणजे मोजमाप नव्हे. मोजणाऱ्याची जबाबदारी अंकांवर ढकलता येते; तारतम्य करणाऱ्यास आपल्या शब्दाबद्दल स्वतःच उत्तर द्यावे लागते.

आमचा नियम इतकाच आहे. प्रतवारी लावण्यापूर्वी माप उघड सांगावे; ते सर्वांस सारखे लावावे; आणि त्याने आपला आवडता मागे पडला तर ते निमूटपणे सोसावे. हा नियम आम्ही स्वतःस लावून पाहिला. माप जर ‘आजच्या चढाओढीत नाइन-बॉल’ हे असेल, तर पहिला मान बियादोचा. हे पद दोनदा जिंकणारा तो पहिला फिलिपिनो होय. माप जर टेन-बॉलची जागतिक पदे हे असेल, तर अमितचा. पण जर विचारले की काठीच्या सर्व खेळांत मिळून एकाच बुद्धीचा विलास कोणी दाखविला, तर आमचे बोट रेयेसकडे वळते. नाइन-बॉल, एट-बॉल, वन-पॉकेट ह्या भिन्न स्वभावांच्या खेळांत तो अव्वल ठरला. आणि २०२२ साली हनोई येथील आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तो खिसे नसलेल्या मेजावर उतरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. ह्याच मापाने पागुलायान अल्कानोच्या आणि कदाचित बियादोच्याही वर सरकतो. हे आम्हांस अपेक्षित नव्हते. पण माप आम्हीच निवडले, म्हणून त्याचा हा निर्णयही आम्ही मानतो.

तेव्हा धाकट्याचे मत खरे ठरले, पण त्याचा मार्ग चुकला होता. कारण त्याने माप सांगितलेच नव्हते. थोरल्याने माप सांगितले होते, पण एकच माप हेच सर्व काही असे त्याने धरले. आम्ही हे बोललो तेव्हा वडील सुपारी कातरता कातरता थांबले. त्यांच्या मागच्या भिंतीवर थोरल्याचे पदवीदानाचे छायाचित्र चौकटीत लावलेले होते. धाकट्याचे कोठे दिसले नाही. त्यांची दृष्टी तिकडे गेली. थोड्या वेळाने, विषय बदलावा तसे, ते धाकट्यास म्हणाले, ‘बाळ, त्या रेयेसचा खेळ मलाही एकदा दाखव.’