धूर, आग आणि पर्सियसचा वायू

डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग आहे. न्यायदर्शनातलं हे ठरलेलं उदाहरण. त्यावर चार्वाकांचा आक्षेपही जुनाच: जगातला सगळा धूर आणि सगळी आग पाहून कोण आलंय? मग या दोहोंचा संबंध अटळ आहे, हे कशावरून?

हाच प्रश्न आकाशातही पडतो. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा पर्सियस समूह आहे. दीर्घिकांमधली सारी जागा कोट्यवधी अंश तापलेल्या वायूने भरली आहे. हा वायू इतका विरळ, की त्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. तिथे दाबमापक कोण नेणार? क्ष-किरणांवरून घनता आणि तापमान काढायचं, त्यांच्या गुणाकारातून दाब. दुसरी वाट सुन्याएव आणि झेल्दोविच या शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास दाखवली. विश्वाच्या बालपणापासून वाहत आलेलं प्रारण या वायूतून जाताना इलेक्ट्रॉनांकडून थोडी ऊर्जा उचलतं, आणि त्याच्यात पडणारा फरक वाटेतल्या एकूण दाबाच्या प्रमाणात असतो.

हा झाला धूर. आग म्हणजे समूहाचं वस्तुमान, बहुतांशी न दिसणारं कृष्णद्रव्य. एकावरून दुसऱ्याकडे जाताना असं धरावं लागतं, की वायू निवांत आहे आणि गुरुत्वाकर्षणाला फक्त उष्णतेचा दाब तोलून धरतो आहे. वायू घुसळत असेल, तर ती घुसळणही भार पेलते आणि वस्तुमानाचा हिशेब कमी भरतो.

अशा दडलेल्या अटीला नैयायिकांनी उपाधी म्हटलं. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही; सरपण ओलं लागतं.

२०१३ मध्ये प्लँक उपग्रहाच्या मोजणीत जड समूह अपेक्षेपेक्षा बरेच कमी सापडले. दाबावरून काढलेला वस्तुमानाचा हिशेब सुमारे २० टक्के कमी भरतो असं शास्त्रज्ञांनी धरलं होतं. मेळ बसायला तो ४० टक्क्यांच्या आसपास कमी भरायला हवा होता. चार्वाकांचा प्रश्न इथे खरोखर मोलाचा ठरतो. त्याने अनुमान मोडीत निघत नाही, पण अट कुठे लपली आहे ते शोधणं भाग पडतं.

तो शोध जपानच्या हितोमी उपग्रहाने घेतला. २०१६ मध्ये प्रक्षेपणानंतर जेमतेम पाच आठवड्यांत तो हातचा गेला, पण त्याआधी त्याने पर्सियसच्या गाभ्यातल्या वायूची हालचाल मोजली होती: सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर. घुसळणीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या अवघा ४ टक्के निघाला. वायू निवांत असल्याचं गृहीतक गाभ्यापुरतं टिकलं.

कडेला मात्र नवा वायू अजून आत कोसळतो आहे. २०१० पासून सर्रास वापरलं जाणारं समूहांमधल्या दाबाचं प्रारूप आतल्या भागात ३३ समूहांच्या निरीक्षणांवर उभं आहे, बाहेरच्या भागात संगणकीय प्रतिकृतींवर. २०२३ मध्ये झेपावलेला क्रिझम उपग्रह आता एकेका समूहातल्या वायूचा वेग मोजतो आहे.